म्हादईच्या काठावरून नाईल खोऱ्याकडे: जगातला एखादा प्रदेश अभ्यासायचा कसा

पणजी, खार्तुम आणि सना. सुदान आणि येमेनच्या या दोन राजधान्या आणि आपली पणजी, तिन्ही साधारण साडेपंधरा अंश उत्तर अक्षवृत्तावर आहेत. सूर्य तिघींच्या डोक्यावरून सारखाच जातो. तरी पणजीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, सनाला दोनशेच्या आसपास आणि खार्तुमला दीडशेच्याही आत. ‘सुदान: राजधानी खार्तुम, पीक कापूस, हवामान उष्ण व कोरडे’ अशी यादी पाठ करून पेपर सुटतो, पण या फरकाचं कारण त्या यादीत सापडत नाही.

प्रदेशाचा अभ्यास थरांनी करावा. जमिनीचा थर, पावसाचा थर, पाण्याचा, माणसांचा, सत्तेचा. हे थर एकावर एक ठेवल्यावर ते जिथे जुळतात तिथे फार काही शिकायला मिळत नाही. जिथे जुळत नाहीत तिथे प्रश्न उभा राहतो, आणि तिथूनच खरा अभ्यास सुरू होतो. खाली नाईल खोरं उदाहरण म्हणून घेतलं आहे आणि मापाची पट्टी म्हणून गोवा. पट्टी घरची असली की परक्या आकड्यांचा अंदाज येतो.

आधी प्रश्न, मग हद्द

बहुतेक जण आधी नकाशावर एक तुकडा कापतात आणि मग त्यात काय काय आहे ते गोळा करत बसतात. क्रम उलटा करा. एका ओळीत प्रश्न लिहा: ‘नाईलचं पाणी पडतं कुठे, वापरलं जातं कुठे, आणि त्यावरून वाद का?’ हा प्रश्न ठरला की हद्द आपोआप ठरते. ती म्हणजे पाणलोटाची रेषा, आणि तिच्या आत ११ देश येतात: इजिप्त, सुदान, दक्षिण सुदान, इथिओपिया, एरिट्रिया, युगांडा, केनिया, टांझानिया, रवांडा, बुरुंडी आणि काँगोचं लोकशाही प्रजासत्ताक. हाच प्रश्न कॉफीबद्दल असता तर इजिप्त गळाला असता. अरबी भाषेबद्दल असता तर वरचे बरेच देश गळून मोरोक्कोपर्यंतचा पट्टा आत आला असता.

गोव्यावर हे करून बघा म्हणजे पटेल. प्रश्न पावसाचा असेल तर राज्याची सीमा निरुपयोगी. घाट ओलांडून बेळगावपर्यंत गेल्याशिवाय सह्याद्री पावसाचं काय करतो ते दिसत नाही. प्रश्न जमीनधारणेचा असेल तर तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी या जुन्या काबिजादी (पोर्तुगिजांनी आधी जिंकलेला मुलूख) एकीकडे आणि अठराव्या शतकात पोर्तुगिजांकडे आलेल्या नव्या काबिजादी दुसरीकडे, असा गोवाच दोन प्रदेशांत फुटतो. ३,७०२ चौरस किलोमीटरचं हे राज्य एकाच वेळी एक प्रदेश आहे, दोनही आहेत, आणि किनारा, सडे व मधला पट्टा, घाट असे तीनही.

हद्द पेन्सिलनं आखा, पेनानं नको. अभ्यास अर्धा झाला की ती सरकते, सरकलीच पाहिजे.

सामान आणि पायानकाशा

ए-३ आकाराचे ट्रेसिंग पेपर सहा, सेंटिमीटरचा आलेख कागद, एचबी आणि २एच पेन्सिली, चार रंग, दोरा, आणि प्राकृतिक नकाशे असलेला एक बरा ॲटलास. ॲटलास जुना असेल तर एक चाचणी करा: दक्षिण सुदान वेगळा दाखवलाय का? तो ९ जुलै २०११ रोजी स्वतंत्र झाला. नसेल दाखवला तर त्यातले डोंगर वापरा, सीमा वापरू नका. गोव्याच्या नकाशातही हीच खोड आहे. तालुके अकराच दिसले आणि धारबांदोडा नसेल, तर नकाशा जुना.

सगळे थर एकाच पायानकाशावर, एकाच प्रमाणात काढायचे. इथेच सर्वात जास्त गडबड होते. पाऊस एका पुस्तकातून, लोकसंख्या दुसऱ्या संकेतस्थळावरून, प्रत्येकाचं प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याची पद्धत) वेगळं, आणि मग थर एकावर एक बसतच नाहीत. नाईल खोरं साधारण ४ अंश दक्षिणेपासून साडेएकतीस अंश उत्तरेपर्यंत पसरलंय, म्हणजे साडेपस्तीस अंश. एका अक्षांशाला १११ किलोमीटर धरले तर ३,९४० किलोमीटर होतात. प्रमाण १:१,००,००,००० घेतलं तर १ सेंटिमीटरला १०० किलोमीटर, म्हणजे नकाशा साडेएकोणचाळीस सेंटिमीटर लांब. ए-३ची लांबी ४२ सेंटिमीटर, म्हणून तो नेमका मावतो. प्रत्येक ट्रेसिंगवर चारही कोपऱ्यांत अधिकची खूण करा आणि जवळ अक्षांश-रेखांश लिहा. या खुणा नसतील तर तिसऱ्या थरानंतर नदी डोंगरावरून वाहायला लागते.

मर्केटर प्रक्षेपणावरून क्षेत्रफळाची तुलना कधीच करू नका. त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. घनतेचे नकाशे समक्षेत्र, म्हणजे क्षेत्रफळाचं प्रमाण राखणाऱ्या, प्रक्षेपणावरच घ्या.

प्रमाणाबद्दल एक गोष्ट जाता जाता. भारताचा किनारा पिढ्यान्‌पिढ्या ७,५१६ किलोमीटर शिकवला गेला. आता सरकारी आकडा ११,०९८ किलोमीटर आहे. समुद्र कुठे सरकला नाही. आधीचं मोजमाप १:४५,००,००० प्रमाणाच्या नकाशावर होतं, नवं १:२,५०,००० वर. मांडवी-जुवारीच्या मुखांसारखे बारीक वळसे आधी गाळले गेले होते, ते आता मोजले गेले. किनाऱ्याची किंवा नदीची लांबी लिहिताना ती कोणत्या प्रमाणावर मोजली ते शेजारी लिहायची सवय लावून घ्या.

पहिला थर: जागा

यात जास्त वेळ घालवू नका, पण अक्षांश म्हणजे काय ते एकदा अंगावर घेऊन बघा. एक मीटरची सरळ काठी अंगणात ओळंब्यानं उभी करा आणि दुपारी बारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खूण करा. सर्वात आखूड सावली बाराला नाही, साडेबाराच्या सुमारास पडेल. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, पणजी पावणेचौऱ्याहत्तरच्या थोडी पुढे. फरक पावणेनऊ अंशांच्या आत, आणि दर अंशाला चार मिनिटं. मेच्या पहिल्या आठवड्यात हा प्रयोग केला तर सावली जवळजवळ नाहीशी होते, कारण तेव्हा सूर्य गोव्याच्या बरोबर डोक्यावर असतो. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तो पुन्हा डोक्यावर येतो, पण तेव्हा ढगांतून दिसला तर नशीब.

हे झालं की खार्तुमचा मे कसा असेल ते सांगावं लागत नाही. सूर्य तोच. मग पाऊस वेगळा का, याचं उत्तर पुढच्या दोन थरांत शोधायचं.

दुसरा थर: जमिनीचा उठाव

ॲटलासमधला हिरवा-पिवळा-तपकिरी नकाशा नुसता बघून काहीच डोक्यात राहत नाही. छेद काढा, म्हणजे जमीन एका रेषेवर उभी कापली तर बाजूनं दिसेल तो आकार. पहिला छेद घरचा: मिरामारच्या वाळूपासून पूर्वेला घाटमाथ्यापर्यंत, साधारण ५० किलोमीटर.

सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,०००चे नकाशे असतील तर उत्तमच. त्यात २ सेंटिमीटरला १ किलोमीटर आणि दोन समोच्च रेषांमध्ये (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) २० मीटरचं अंतर असतं. छेदासाठी मात्र १:२,५०,००० सोयीचं, कारण ५० किलोमीटर २० सेंटिमीटरमध्ये बसतात. छेदरेषेवर कागदाची सरळ कड ठेवा. प्रत्येक समोच्च रेषा कडेला जिथे छेदते तिथे बारीक खूण करा आणि तिची उंची लगेच लिहा. नंतर लिहू म्हटलं की चढ कुठला आणि उतार कुठला यात घोळ होतो, आणि दरीचा डोंगर होतो. मग ती कड आलेख कागदाच्या तळाशी ठेवून खुणा वर न्या.

उभं प्रमाण १ सेंटिमीटरला २०० मीटर घेतलं तर हजार मीटरचा घाट पाच सेंटिमीटर उंच येतो. आडवं प्रमाण १ सेंटिमीटरला २,५०० मीटर आहे, म्हणजे उभी अतिशयोक्ती २,५०० भागिले २००, साडेबारा पट. हा आकडा छेदाखाली लिहायचाच. अतिशयोक्ती न करता काढला तर तो घाट अवघा चार मिलिमीटर भरेल. साडेबारा पटींचा छेद बघून ‘सह्याद्री भिंतीसारखा उभा आहे’ असं लिहिणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. पश्चिमेकडचा कडा उभा आहे हे खरं, पण तुमच्या कागदावर दिसतो तेवढा नाही.

आता नाईल, म्हणजे खार्तुमला एकत्र येणाऱ्या निळी आणि पांढरी या तिच्या दोन शाखा. इथे आडवा छेद काढण्याऐवजी नदीच्या वाटेनं लांब छेद काढा. नकाशावर दोरा नदीच्या वळणांवरून फिरवून लांबी मोजा किंवा गुगल अर्थमध्ये वाट आखून उंचीचा आलेख काढा. निळी नाईल इथिओपियातल्या टाना सरोवरातून निघते तेव्हा १,७९० मीटरच्या आसपास असते, आणि सुमारे १,४५० किलोमीटर वाहून खार्तुमला ३८० मीटरवर येते. उतार किलोमीटरमागे जवळपास एक मीटर. पांढरी नाईल दक्षिण सुदानमधल्या जुबाला साधारण ४६० मीटरवर असते आणि खार्तुमपर्यंत सुमारे १,७५० किलोमीटरमध्ये ८० मीटरच उतरते. किलोमीटरमागे चार-पाच सेंटिमीटर. एवढ्या सपाटीवर पाणी वाहत नाही, पसरतं. तिथेच सुद नावाची अफाट दलदल आहे, आणि तिच्यात आलेल्या पाण्यापैकी जवळपास निम्मं बाष्प होऊन उडून जातं.

छेद काढला नसता तर ‘पांढरी नाईल लांब, म्हणून पाणीही तिचंच जास्त’ असं वाटलं असतं. इजिप्तमधल्या आस्वानला पोचणाऱ्या पाण्यापैकी सुमारे ८५ टक्के इथिओपियाच्या पठारावरून येतं.

तिसरा थर: हवामान

हवामान आलेख म्हणजे बारा स्तंभ आणि एक रेषा. काढायला सोपा, बिघडवायला त्याहून सोपा.

आडव्या अक्षावर १२ महिने, प्रत्येकी १ सेंटिमीटर. डाव्या अक्षावर पाऊस, १ सेंटिमीटरला १०० मिलिमीटर. उजवीकडे तापमान, १ सेंटिमीटरला ५ अंश. पणजीचे जून-जुलैचे स्तंभ नऊ-दहा सेंटिमीटरपर्यंत जातात, म्हणून कागद उभा धरा. मग त्याच प्रमाणात इथिओपियाची राजधानी आदिस अबाबा, खार्तुम, आस्वान आणि युगांडातलं एंटेबे काढा. आस्वानचा एकही स्तंभ दिसणार नाही. दिसायलाच नको. संगणकावर आलेख काढणाऱ्यांचं इथे हमखास चुकतं: एक्सेल प्रत्येक आलेखाला आपलं प्रमाण आपणच ठरवून देतं, आणि खार्तुमचा ऑगस्ट पणजीच्या जुलैएवढा उंच दिसतो. अक्षाची कमाल किंमत हातानं भरा, सगळ्या आलेखांना तीच.

आकडे किमान ३० वर्षांच्या सरासरीचे घ्या. एका वर्षाचे आकडे म्हणजे बातमी, हवामान नव्हे.

आता प्रत्येक आलेखात कोरडे महिने मोजा. जुना सोपा नियम असा: महिन्याचा पाऊस मिलिमीटरमध्ये, तापमान अंशांत, पाऊस तापमानाच्या दुपटीहून कमी असेल तर महिना कोरडा. पणजीचं सरासरी तापमान २७ धरा, म्हणजे मर्यादा ५४ मिलिमीटर. नोव्हेंबर ते एप्रिल हे सहाही महिने कोरडे निघतात. तीन हजार मिलिमीटर पावसाच्या राज्यात अर्धं वर्ष कोरडं! सोरद (पावसाळी) आणि वायंगण (हिवाळी) ही दोन वेगळी पिकं, नद्यांवरचे बंधारे, साळावली धरण आणि एप्रिल-मेमधले टँकर, हे सगळं या एका मोजणीतून उलगडतं. ‘गोव्यात भरपूर पाऊस पडतो’ या वाक्यातून यातलं काहीच उलगडत नाही.

आदिस अबाबाचा आलेख बघून गोंधळ होईल. नऊ अंश अक्षांश, म्हणजे आपल्यापेक्षा विषुववृत्ताच्या जवळ, आणि वर्षभराचं सरासरी तापमान १६-१७ अंश. कारण उंची, सुमारे २,३५० मीटर. हजार मीटरला साडेसहा अंश या हिशेबानं १५ अंश वजा झालेत; ते परत मिळवले तर ३१-३२ होतात. तुलना करण्याआधी असं समुद्रसपाटीला आणून बघावं म्हणजे अक्षांशाचा वाटा किती आणि उंचीचा किती ते वेगळं होतं. आदिसचा पाऊस जुलै-ऑगस्टमध्ये शिगेला पोचतो, आपल्यासारखाच. एंटेबेला मात्र वर्षात दोन शिखरं येतात, कारण विषुववृत्तावरून पावसाचा पट्टा दोनदा जातो.

आणि खार्तुम? तो पट्टा उत्तरेला सरकताना त्याची शेवटची कड तिथे जेमतेम लागते, तीही जमिनीवरून लांबचा प्रवास करून कोरडी झालेली. आपल्याकडे अरबी समुद्रावरून आलेला वारा पन्नास किलोमीटरच्या आत घाटाला धडकतो आणि वर चढताना थंड होऊन सांडतो. घाटापलीकडे उतरताना तोच वारा कोरडा होतो, म्हणून बेळगावला बाराशे-तेराशे मिलिमीटर. अक्षांश सूर्य देतो. पाऊस वारा आणि डोंगर मिळून देतात.

पाणी आणि माती

नदीचा मासिक प्रवाह त्याच बारा महिन्यांच्या पट्टीवर काढा आणि पावसाच्या आलेखाखाली लावा. निळी नाईल पावसाळ्यात फुगते आणि मार्च-एप्रिलमध्ये बारीक होते. पांढरी वर्षभर जवळपास एकसारखी, कारण सरोवरं आणि सुद तिचा चढउतार गिळून टाकतात. म्हणून पुराच्या काळात निळीशिवाय काही नाही, आणि उन्हाळ्यात पांढरीवाचून चालत नाही.

मातीला एक प्रश्न विचारायचा: ही इथलीच, की वाहून आलेली? आपल्या सड्यावरची जांभी जागच्या जागी बनलेली. पावसानं बाकीची द्रव्यं धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, आणि चिरा घर बांधायला उत्तम पण भाताला वाईट झाला. नाईलच्या त्रिभुज प्रदेशातली काळी माती इथिओपियाच्या बेसाल्टची, हजारो किलोमीटर वाहून आलेली. १९७० मध्ये आस्वानचं उंच धरण पूर्ण झाल्यावर तो गाळ धरणामागे अडला. शेतकरी खतांवर आले आणि समुद्र त्रिभुज प्रदेशाचा काठ खाऊ लागला.

या टप्प्यावर रायबंदरहून फेरीबोटीनं चोडणला जाऊन खाजन शेती, म्हणजे खाडीकाठी बांध घालून मिळवलेली शेतं, बघून यावी. बांधातल्या मानशीजवळ (पाण्याच्या दाराजवळ) भरती-ओहोटीच्या वेळा बघून उभे राहा. भरतीचं पाणी बाहेरून दाबतं आणि लाकडी दार आपोआप मिटतं. ओहोटी लागली की आतलं पाणी दार ढकलून बाहेर पडतं. पंप नाही, वीज नाही, चंद्र काम करतो. डच पोल्डरशी (तिथल्या बांध घालून मिळवलेल्या जमिनीशी) याची तुलना सगळेच करतात, पण फरक इथेच आहे. पोल्डरची जमीन ओहोटीच्या पातळीच्याही खाली खचलेली असते, म्हणून तिथे पाणी उपसावंच लागतं: आधी पवनचक्क्यांनी, आता पंपांनी. आणि खाजनाचा बांध फुटतो तेव्हा नुसता समुद्राला दोष देऊ नका. १९६४च्या कूळ कायद्यानंतर बांध सांभाळायचं काम कोमुनिदादींकडून (जुन्या गावसंस्थांकडून) कूळसंघांकडे गेलं, आणि बऱ्याच ठिकाणी ते कोणाचंच उरलं नाही. खारं पाणी शेतात शिरतं हा प्राकृतिक भूगोल. ते का शिरू दिलं गेलं हा मानवी भूगोल.

माणसांचा थर

घनता दोनदा काढा. इजिप्तचं क्षेत्रफळ सुमारे १० लाख चौरस किलोमीटर, लोकसंख्या २०२० मध्येच १० कोटींवर गेली. भागाकार केला की चौरस किलोमीटरला शंभर माणसं. गोव्याची २०११च्या जनगणनेतली घनता ३९४. म्हणजे इजिप्त मोकळा? आता दुसऱ्यांदा काढा. सुमारे ९५ टक्के लोक सुमारे ५ टक्के जमिनीवर, म्हणजे साडेनऊ कोटी माणसं ५० हजार चौरस किलोमीटरमध्ये. घनता १,९००, गोव्याच्या जवळपास पाचपट. देशाची सरासरी घनता हा प्रादेशिक भूगोलातला सर्वात फसवा आकडा आहे. तो एकटा कधीच वापरू नका.

नकाशावर ठिपके द्या, एक ठिपका ५ लाखांचा. वाळवंटात ठिपका टाकायचा हात आवरा. जिल्ह्याची लोकसंख्या जिल्हाभर सारखी पसरवली की नदीकाठची गर्दी वाळूत विरते. रात्रीच्या दिव्यांची उपग्रह प्रतिमा शेजारी ठेवली तर चूक लगेच पकडता येते. त्यात नाईल प्रकाशाच्या दोरीसारखी दिसते आणि टोकाला त्रिभुज प्रदेशाचा पंखा.

आकड्याशेजारी वर्ष लिहा. खार्तुमच्या बाबतीत हे औपचारिक राहिलेलं नाही: एप्रिल २०२३ मध्ये युद्ध पेटल्यापासून तिथून लाखो लोक बाहेर पडले, त्यामुळे त्याआधीचा कोणताही आकडा आजचा म्हणून छापता येत नाही.

लोकसंख्येचा मनोरा काढताना पुरुष डावीकडे, स्त्रिया उजवीकडे, पाच-पाच वर्षांचे गट. टक्के एकूण लोकसंख्येचे काढा. पुरुषांचे टक्के पुरुषांतून आणि स्त्रियांचे स्त्रियांतून काढले तर दोन्ही बाजू सारख्या दिसतात आणि मनोऱ्याचा मुद्दाच मरतो. सरावासाठी कतार घ्या. तिथे चारांतले सुमारे तीन पुरुष आहेत, आणि मनोऱ्याची डावी बाजू २५ ते ४५ वयांत पोटासारखी पुढे येते. त्या पोटात आपल्याकडच्या गावांतली माणसंही आहेत. सासष्टी-बार्देशात ज्यांच्या घरी आखातातून पैसे येतात त्यांना हा आकार समजवावा लागत नाही.

थर एकावर एक

आता ट्रेसिंग पेपर खिडकीच्या काचेवर चिकटवा, खुणा जुळवा. आधी उठाव आणि लोकसंख्या, दोनच. गोव्यात काय दिसतं? किनाऱ्याला गर्दी, सत्तरी-सांग्याच्या घाटाकडे विरळ. ‘डोंगर म्हणजे विरळ वस्ती’ असा नियम मनात तयार होतो. तोच इथिओपियावर लावा. उलटं निघतं! गर्दी पठारावर, सखल भाग ओस.

या न जुळणाऱ्या जागेवर लाल वर्तुळ करा आणि कारणं एकेक तपासा. तापमान: विषुववृत्ताजवळ दोन हजार मीटरवर हवा सुखद असते. पाऊस: पठारावर पुरेसा, खाली अपुरा. माती: ज्वालामुखीची, कसदार. रोग: दोन हजार मीटरच्या वर मलेरिया खूप कमी होतो. इथिओपियात लोकच आपल्या भूमीचे उंचीनुसार पट्टे करतात: खालचा उष्ण तो कोल्ला, मधला वोयना देगा, वरचा थंड तो देगा. टेफ हे धान्य प्रामुख्यानं मधल्या-वरच्या पट्ट्यांत पिकतं. येमेनमध्ये सना डोंगरावर का, याचंही उत्तर जवळपास हेच. म्हणजे डोंगर नसतात वस्तीच्या विरोधात. कोणत्या अक्षांशावरचा, किती उंच, कुठल्या दगडाचा, हे विचारावं लागतं.

दुसरी विसंगती: खार्तुमच्या दक्षिणेला, दोन नाईलींच्या मधोमध, पाऊस कमी असूनही काटकोनी शेतांची चादर पसरली आहे. उपग्रह प्रतिमेत ती सहज दिसते. हे गेझिरा, गोव्याच्या दुपटीहून मोठं सिंचनक्षेत्र. १९२५ मध्ये सेन्नार धरण झालं. इंग्रजांना गिरण्यांसाठी कापूस हवा होता. जमीन निळ्या नाईलकडून पांढऱ्या नाईलकडे हलकेच उतरते, म्हणून पाणी कालव्यांनी आपोआप जातं. उतार निसर्गाचा, कापूस साम्राज्याचा. यातलं एक जरी गाळलं तरी गेझिरा समजत नाही. तशीच जमीन आणि तसाच उतार जगात आणखीही ठिकाणी आहे, पण सगळीकडे गेझिरा झालेलं नाही. भूगोल शक्यता देतो, हुकूम देत नाही. ‘हवामान असं, म्हणून लोक तसे’ असं वाक्य लिहून झालं असेल तर खोडा.

सत्ता आणि करार

हा थर बहुतेक जण शेवटच्या परिच्छेदात उरकतात. गोव्यातल्या वाचकाला तो मुद्दाम जड घ्यायचं कारण नाही, म्हादई नदीच्या पाण्याचा वाद आपल्याला पाठ आहे. २०१०चा लवाद, ऑगस्ट २०१८चा निवाडा: गोव्याला २४ टीएमसी (हजार दशलक्ष घनफूट), कर्नाटकाला १३.४२, महाराष्ट्राला १.३३.

नाईलचा १९५९चा करार इजिप्त आणि सुदान या दोघांतच झाला. आस्वानला वर्षाला सरासरी ८४ अब्ज घनमीटर पाणी धरलं, इजिप्तला ५५.५, सुदानला १८.५, आणि १० बाष्पीभवन व गळतीला. बेरीज बरोबर ८४. इथिओपियाच्या वाट्याला शून्य, आणि ८५ टक्के पाणी तिथलं. हे दोन आकडे शेजारी ठेवले की वाद कशाचा ते दिसतं. इथिओपियानं २०११ मध्ये निळ्या नाईलवर मोठं धरण बांधायला घेतलं, सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. साठा ७४ अब्ज घनमीटर, निळ्या नाईलच्या वर्षभराच्या पाण्याच्या सुमारे दीडपट.

तुलनेआधी एकक जुळवा. १ टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट, सुमारे २.८३ कोटी घनमीटर. गोव्याचे २४ टीएमसी म्हणजे ०.६८ अब्ज घनमीटर. इजिप्तचा वाटा टीएमसीत मोजला तर साधारण १,९६०. एकक न जुळवता ‘२४ विरुद्ध ५५’ असं लिहिलेले निबंध दरवर्षी दिसतात.

साम्य सापडलं की तिथेच थांबू नका, फरकही लिहा. म्हादईच्या मागे १९५६चा आंतरराज्य जलविवाद कायदा आहे, लवाद आहे, सर्वोच्च न्यायालय आहे. नाईलच्या देशांवर असं कोणी बसलेलं नाही. आणि म्हादईत गोवा खालचा आहे, पण त्याच्याकडे स्वतःचा घाटातला पाऊसही आहे. इजिप्तकडे नाईलशिवाय दुसरं पाणी जवळजवळ नाहीच. त्यामुळे ‘गोवा म्हणजे इथला इजिप्त’ हे वाक्य भाषणात शोभतं, उत्तरपत्रिकेत नाही.

लिहायला बसताना

रोज एक तास दिला तर हे सगळं तीन आठवड्यांत होतं. त्यातला अर्धा वेळ छेद आणि आलेखांना जातो, जाऊ द्या. लिखाण दोन पानांचं पुरे: पहिल्या पानावर एक छेद, दोन आलेख, एक ठिपक्यांचा नकाशा, दुसऱ्यावर तीन लाल वर्तुळं आणि प्रत्येकाखाली पाच-सहा वाक्यं. वाक्य असं असावं की त्यात निदान दोन थर आले पाहिजेत. ‘इथिओपियात टेफ पिकतं’ हा एकच थर. ‘पठाराच्या उंचीमुळे हवा थंड राहते, म्हणून टेफ तिथे, आणि टेफमुळे वस्तीही तिथेच दाट’ हे चालेल.

शेवटी एक तपासणी. मजकुरातली देशांची, नद्यांची आणि शहरांची नावं पेन्सिलनं झाका आणि भूगोल येणाऱ्या कोणाला वाचायला द्या. त्यांना प्रदेश ओळखता आला नाही, किंवा ‘हे कुठलंही असू शकतं’ असं म्हणाले, तर छेदाचा कागद पुन्हा काढा आणि तिथून परत सुरू करा.